दीड इंच वाकडी गल्ली

स्वयंपाकघरात एक फळी ठोकायची होती. एवढीच. साडेतीन फूट लांब, नऊ इंच रुंद, तिच्यावर तिखट-मिठाचे सात डबे बसणार. शेलूबाजारात असल्या कामाला माणूस सुतार बोलावतो आणि अर्ध्या तासात मोकळा होतो. पण जानरावांनी ठरवलं, ही फळी आपण स्वतः लावायची. आणि नुसती लावायची नाही, शास्त्रानं लावायची.

'शास्त्रानं' हा शब्द ऐकला की त्यांच्या पत्नी विमलबाई हातातलं काम टाकून आधी मेन स्विच बंद करून येत. (अनुभव. मागे जानरावांनी मिक्सर शास्त्रानं दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो बटण बंद केलं की सुरू होतो.)

"अवो, फळीच हाय ना? दोन खिळे ठोका आन मोकळे व्हा."

"खिळे कोनीबी ठोकन. लेवल कोन पाह्यन?"

"मी पाह्यते. मले डोळे हायेत."

"डोळे फसवते. पानी फसवत नाई," जानराव म्हणाले, आणि अंगणातला झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप काढायला गेले.

जानराव शाळेत लिपिक. बावन्न वर्षांचे. तेवीस वर्षांत त्यांच्या जावक नोंदवहीत एक खाडाखोड नाही. घरीही तेच. सिलिंडर कधी लागला, कोणता बल्ब किती दिवस जगला, सगळं वहीत. अशा माणसाच्या मनात एखादी गोष्ट बसली की ती पक्की बसते, आणि चौदा वर्षांपूर्वी हे घर बांधताना एक गोष्ट बसली होती. देवला मिस्त्रीनं पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक जानरावांच्या हाती दिलं आणि दुसरं घेऊन तो दोन भिंतींपलीकडे मोरीपाशी गेला. या टोकाला त्या टोकाचं काही दिसत नव्हतं. तरी दोन्हीकडचं पाणी थोडं वर, थोडं खाली झालं आणि एकाच उंचीवर येऊन गप्प उभं राहिलं. कोणी सांगितलं नाही, कोणी मोजलं नाही. जानराव त्या नळीकडे आजवर कशाकडेच पाहिलं नसेल अशा नजरेनं पाहत राहिले होते.

आता तसली नळी बाजारात मिळते. पण घरात तीस फूट हिरवा पाइप असताना दुसरी कशाला? त्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी फूटफूटभर पारदर्शक नळी जोडली. झालं. एकच अडचण होती. एका हातात पाइपचं टोक, दुसऱ्या हातात पेन्सिल, मग वही कुठं धरायची? जानरावांनी पाइप पाठीमागून खांद्यावरून पुढं घेतला आणि तो घसरू नये म्हणून खांद्याच्या मापाचा वळसा तारेनं पक्का आवळून टाकला. आता टोक आणि वही डाव्या हातात, पेन्सिल उजव्या हातात. आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं. (घोड्याला लगाम घातल्यासारखं दिसत होतं, पण हे विमलबाईंचं मत. वहीत त्याची नोंद नाही.)

दुसरं टोक विमलबाईंना धरायला लावून त्यांनी भिंतीवर दोन खुणा केल्या आणि फळी लागली. डबे मांडले. हळदीचा डबा एकटाच जरा सरकला. मग मिठाचा. मग सातही डबे एखादी यस्टी लागल्यासारखे डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"फळी वाकडी हाये," विमलबाई म्हणाल्या.

"फळी पान्यानं लावली. फळी वाकडी असूच शकत नाई."

"मंग?"

जानराव फळीकडे बघत राहिले. मग टाइल्सच्या रेषेकडे. मग छताकडे. आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

"विमल," ते हळूच म्हणाले, "घर वाकडं हाये."

त्या दिवशी त्यांनी पूर्ण घर मोजलं. पद्धत सोपी. दोन्ही टोकांच्या पाण्यापाशी भिंतीवर खूण करायची आणि खुणेपासून फरशीपर्यंत टेप लावायचा. जिथं अंतर जास्त, तिथली जमीन खाली. हॉलची पूर्वेची बाजू दीड इंच खाली निघाली. झोपायच्या खोलीची दक्षिणेची, दीड इंच. व्हरांड्याची पश्चिमेची, बरोबर दीड इंच. जानराव चकित झाले. देवला मिस्त्री चुकला होता, पण काय सफाईनं चुकला होता! प्रत्येक खोलीत वेगळ्या दिशेला, आणि सुताचाही फरक नाही. असं चुकायलाही हात लागतो.

"चौदा वर्षं फरशी धुते मी," विमलबाई म्हणाल्या. "पानी सरळ मोरीकडं जाते. कुठं साचत नाई. वाकडं असतं तं मले नसतं समजलं?"

"ते धुन्याचं पानी. हे मोजायचं पानी."

मग सुधारणा सुरू झाली. पलंगाच्या दोन पायांखाली दीड इंचाच्या पट्ट्या आल्या. कपाटाखाली आल्या. शेगडीखालीही आली, आणि वरण पातेल्यात एका कडेला जाऊन बसलं. कपाटाचं दार मनाला येईल तेव्हा उघडू लागलं. विमलबाई झोपेत घरंगळून भिंतीला लागल्या तेव्हा जानराव म्हणाले, "सवय नाई म्हनून. चौदा वर्षं आपुन वाकड्यात झोपलो. आता सरळ झालं तं वाकडं वाटून राह्यलं."

बातमी शेजारी गेली. शेजारच्या गोमतीबाई, सत्तरीच्या, सकाळीच दारात.

"जानराव, माह्यं घर मोजून दे रे बाबा. कवाची कंबर दुखते, म्या म्हनलं वयानं. आता समजलं."

गोमतीबाईंचं घर मोजलं. दीड इंच. त्यांच्या पलीकडचं मोजलं. दीड इंच. पाच दिवसांत गल्लीतली सहा घरं झाली, सहाही देवला मिस्त्रीच्या हातची, सहाही दीड इंच. लोक जानरावांच्या मागं घरोघर फिरू लागले. ते पाण्याकडे बघत तेव्हा आवाज बंद, मूल रडलं तरी आई त्याला बाहेर नेई. मग ते पेन्सिल कानामागं अडकवून म्हणत, "दीड," आणि गल्ली एकदम सुस्कारा सोडी. कोणाला आठवलं, आपला चेंडू नेहमी दाराकडेच जातो. कोणाला आठवलं, सासूला चक्कर याच घरात आली होती.

आणि या सगळ्यात एक गोष्ट बिघडत चालली होती, जी फळीपेक्षा मोठी होती.

गल्लीच्या टोकाला नवा विहार उभा राहत होता. भिंती झाल्या होत्या, पत्रे चढले होते, जमिनीचा सिमेंटचा कोबा राहिला होता. ते काम देवला मिस्त्रीला द्यायचं ठरल्यातच जमा होतं. गुडघे गेल्यापासून त्यानं कामं सोडली होती. पण हा कोबा आपल्या हातचा असावा, एवढंच त्यानं मागितलं होतं. दुसऱ्यांची घरं चाळीस वर्षं बांधली, आता हे आपलं. रविवारी कमिटीची बैठक होती. आणि आता लोक म्हणू लागले, मंगरूळपीरहून ठेकेदार आणू. विहारात वाकडा कोबा नको.

शुक्रवारी जानरावांना देवला मिस्त्री वाटेत भेटला. पाराच्या कडेवर एकटाच बसला होता.

"जय भीम, जानरावभाऊ. मोजलं म्हनते तुमी."

"जय भीम, मिस्त्री. म्हंजे... मी नाई सांगत. पानीच सांगून राह्यलं."

जानरावांना वाटलं, आता हा भांडेल. देवलानं मान हलवली. "पानी सांगत असन तं खरं असन. जनमभर म्या त्याच्यावरच भरोसा ठेवला. मंग मीच चुकलो असन." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "कवा चुकलो, तेच आठवून राह्यलो. सहा घरं, भाऊ. सहाच्या सहा."

त्या दिवशी जानरावांना भाकर गोड लागली नाही. (ती एका बाजूनं करपलेलीही होती. शेगडी.)

"काय झालं?" विमलबाईंनी विचारलं.

"त्यानं भांडाले पाह्यजे होतं वं," जानराव म्हणाले. "लगेच मानून घेतलं त्यानं."

रविवारी सकाळी दहाला विहाराच्या पटांगणात सतरंज्या पसरल्या. गल्ली झाडून सगळी हजर. जानरावांना पाइप आणि वही घेऊन बोलावलं होतं. देवला मिस्त्री धुतलेला पांढरा सदरा घालून आला, आणि कोणी काही म्हणायच्या आधीच उभा राहिला.

"मी कोबा नाई करत. दुसऱ्याले सांगा. तेवढंच सांगाले आलो."

कमिटीची सचिव सुकेशनी. शाळेत शिकवते, पोरांना जशी गप्प करते तशी मोठ्यांनाही करते. ती म्हणाली, "बसा मामा. तुम्ही नाही म्हणालात हे मी लिहीन, पण का नाही म्हणालात तेही लिहावं लागेल. काका, वही द्या."

वही तिच्या हाती गेली. जानरावांची नोंद म्हणजे नोंद. तारीख, घर, दिशा, माप, आणि पाइपचं कोणतं टोक कोणाच्या हाती होतं, तेही.

"गोमतीबाईंचं घर," सुकेशनी वाचू लागली. "उत्तर बाजू दीड इंच खाली. उत्तर टोक स्वतः. दक्षिण टोक गोमतीबाई."

तिनं पान उलटलं. देवला खाली मान घालून ऐकत होता.

"दुसरं घर. पश्चिम बाजू दीड इंच खाली. पश्चिम टोक स्वतः."

देवलाची मान वर आली.

"पोरी, थांब. तिसऱ्या घरी खाली कोनती बाजू?"

"पूर्व."

"पूर्वेले टोक कोनापाशी?"

सुकेशनीनं वहीत पाहिलं. "काकांपाशी."

"चवथं?"

"दक्षिण. काकांपाशी."

"पाचवं?"

आता तिनं वाचायच्या आधीच सतरंजीवरून तीन-चार बाया एकदम म्हणाल्या, "काका!"

"आन सहावं?"

"काकाऽऽ!" अख्खी गल्ली.

देवला मिस्त्री उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. "म्हंजे घरं सरळ हायेत," तो म्हणाला. "जानरावभाऊ जिथं उभे राह्यते, तिथची जमीन दीड इंच खाली जाते."

"मी तं कवापासून सांगून राह्यली," मागून विमलबाईंचा आवाज आला, "भात कमी खा म्हनून."

हशा असा उठला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. जानराव हसले नाहीत. त्यांना एकच कळत होतं, की पाण्यानं फसवलं असेल, तर आता जगात धरायला काही उरलं नाही.

देवलानं त्यांच्या खांद्यावरून पाइप हलकेच उतरवला. बोटांनी चाचपत चाचपत तारेनं आवळलेल्या वळशापाशी आला. तो वळसा कानाशी धरून हलवला. गुडगुड.

"हे काहून बांधलं?"

"लिहायले हात मोकळा पाह्यजे म्हनून," जानराव म्हणाले.

"इथं हवा अडकली, भाऊ. हवा अशी उंचावर बसते आन उठत नाई. पाइप हिरवा, तुमाले ते दिसन कसं? तिच्यापायी तुमच्या टोकाचं पानी वर चढते. पानी वर तं खूण वर. खूण वर तं जमीन खाली."

त्यानं तार सोडली, पाइप सतरंजीवर आडवा पसरला आणि एक टोक उचललं. आतून काहीतरी सरकत आलं आणि पारदर्शक नळीत अंड्याएवढा लांबट बुडबुडा दिसला. वर आला. डुबुक. गेला. एवढासा. एवढ्याशानं सहा घरं वाकडी केली होती.

मग देवलानं एक टोक विहाराच्या या भिंतीला धरलं आणि दुसरं जानरावांच्या हाती देऊन त्यांना त्या भिंतीला पाठवलं. पाणी वर झालं. खाली झालं. दोन्हीकडे एकाच उंचीवर येऊन गप्प उभं राहिलं. जानरावांचे डोळे भरून आले. ते कोणासाठी, पाण्यासाठी की देवलासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"मिस्त्री," ते सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "चुकलो. तुमचे हात सोन्याचे हायेत."

"हात माह्ये हायेत," देवला म्हणाला. "भरोसा पान्याचा. आता जाऊ द्या."

कोबा देवलाच करणार, हे एकमतानं ठरलं. गल्ली घरोघर पलंगांखालच्या पट्ट्या काढायला उठत होती, तेवढ्यात देवला म्हणाला, "एक अट हाय. मले जानरावभाऊ पाह्यजे. आन त्यायचा पाइपबी."

जानरावांची छाती फुगली. वळून त्यांनी विमलबाईंकडे पाहिलं, ऐकलं ना, अशा अर्थानं. सुकेशनीनं रजिस्टरमध्ये लिहायला घेतलं. "मामा, काकांचं काम काय लिहू? लेवल?"

"नाई नाई," देवला म्हणाला. "कोब्याले पंधरा दिवस पानी मारा लागते. लेवल माह्यी मी पाह्यन. पाइप झाडाले पानी घालायचा हाय, चांगला हाय. पानी मारायले भाऊच पाह्यजे. एक दिवस चुकायचे नाई, मले मालूम हाय. लिहून ठेवते ते."

आणि कोबा झाला. देवलानं तीन दिवस गुडघ्याखाली गोणपाट घेऊन तो घोटला. चौथ्या सकाळी कडेनं मातीचे बांध घालून जानरावांनी पहिलं पाणी सोडलं. पाणी पसरत गेलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कुठं उणं नाही, कुठं अधिक नाही, एक बोट उंचीचा एक सबंध आरसा, आणि त्यात पत्र्याखालचे वासे अन् उघड्या खिडकीतलं आभाळ. जानराव दारात पाइप धरून उभे राहिले ते राहिलेच. जगात इतकी सपाट गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी खिशातून वही काढली, उघडली, आणि काय लिहावं ते सुचेना, म्हणून तशीच मिटून ठेवली.

बाजारातून परतणाऱ्या विमलबाई पिशवी घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या. त्याही थोडा वेळ बघत राहिल्या.

"पाह्यलं?" जानराव पुटपुटले. "पाह्यलं का, विमल?"

"पाह्यलं," विमलबाई म्हणाल्या. "आता पाइपवरचा पाय काढा. पानी बंद होऊन पाच मिनिटं झाले."