पाळकसाहेबांची आखूड प्रार्थना

रेव्हरंड इम्मानुएल सातपुते यांनी प्रार्थना आखूड करायचं ठरवलं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

तशी त्यांची प्रार्थना कोल्हापुरात नावाजलेली. म्हणजे लांबीसाठी. ती सृष्टीच्या निर्मितीपासून निघायची आणि देशाचं सरकार, राज्याचं सरकार, कलेक्टर, शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले, दहावीची पोरं, मंडळीतले गुडघेदुखीवाले असे सगळे थांबे घेत सावकाश आमेनला पोचायची. प्रवासाची प्रार्थना असली तर गाडीच्या प्रत्येक चाकाचा (आणि स्टेपनीचा) वेगळा उल्लेख असे. साहेबांचे डोळे गच्च मिटलेले, चेहरा वर, आणि समोर अशी काही शांतता, की त्यांना वाटायचं मंडळी अगदी विरघळून गेली आहे.

पण मागच्या महिन्यात ते पुण्याला पाळकांच्या शिबिराला गेले. तिथे एका तरुण वक्त्याने सांगितलं, "देवाला सगळं माहीत आहे, त्याला बातम्या देत बसू नका." हे साहेबांच्या जिव्हारी लागलं. परतीच्या एसटीतच त्यांनी ठरवून टाकलं, यापुढे एक वाक्य आणि आमेन. बायकोलाही सांगितलं नाही. क्रांतीबाई लग्नापासून त्यांच्या प्रत्येक प्रार्थनेला हजर. त्यांना एकदम चकित करायचं असा बेत होता. (नवऱ्यांनी असले बेत करू नयेत, पण हे शिबिरात कुणी सांगत नाही.)

संधी लगेच आली. चंदगडकडच्या एका खेड्यात कापणीचा सण होता आणि उपदेशाला साहेबांना बोलावणं होतं. मंडळीने गाडी केली. साहेब पुढे केबिनमध्ये ड्रायव्हर केरबाच्या शेजारी, बाकी सगळे मागे. गडहिंग्लजला चहा झाला. सेक्रेटरी हंबीररावांनी डोकी मोजली आणि पुढे येऊन म्हणाले, "समदी हाईत. करा साहेब प्रार्थना." आधी मोजणी, मग प्रार्थना, आणि आमेन झालं की केरबाने गाडी सोडायची, ही या मंडळीची वर्षानुवर्षांची पद्धत.

साहेबांनी डोळे मिटले. "हे प्रभू, इथवर आणलंस, पुढेही ने. आमेन."

केरबा दचकलाच. स्टेअरिंगवर डोकं टेकून त्याने नुकतीच डुलकी काढायला घेतली होती.

"झालं?"

"झालं. चला."

"तब्येत बरी हाय न्हवं साहेब?"

"उत्तम आहे."

गाडी सुटली. मागे जरा कुजबुज ऐकू आली. कौतुक चाललं असेल, असं समजून साहेब खूश झाले. क्रांती काय म्हणाली असेल, या विचारात त्यांना घाटसुद्धा बरा वाटायला लागला.

नेसरी जवळ आली आणि क्रांतीबाईंच्या मागच्या सीटवर राहिलेल्या पर्समध्ये फोन वाजला. शेजारी मार्थाआक्का होत्या. त्यांनी तो उचलला.

"कोण?"

"आक्का, मी क्रांती बोलतेय!"

"आँ? तुमी फुडं साहेबांजवळ बसायला गेलता न्हवं? मग फोन कशाला करताय?"

"मी गडहिंग्लजात हाय! मिरच्यांच्या दुकानात! दुकानदाराच्या फोनवरनं बोलतेय! त्यांच्याकडं द्या फोन!"

फोन हातोहात केबिनपर्यंत आला. साहेबांना काही केल्या कळेना.

"अगं, तू गाडीत नाहीस?"

"तुम्ही आमेन कधी म्हटलं?"

"मघाशीच."

"असं कसं म्हटलं? मला वाटलं, अजून कलेक्टरपर्यंतबी पोचला नसाल!"

"म्हणजे प्रार्थना चालू असताना तू खाली उतरलीस?"

"मग कधी उतरू? दर वेळेला तेव्हाच तर उतरते की!"

साहेबांच्या मनाला हे चांगलंच लागलं. पण दुःख करत बसायला सवड नव्हती. बायको परगावात, तिची पर्स गाडीत, तिचा फोन साहेबांच्या हातात. केरबाने गाडी वळवली. तिकडे चंदगडकर मंडळी हार घेऊन उभी असणार, पण साहेबांना आता सणाचं काही सुचत नव्हतं. आजवर त्यांचा चष्मा, त्यांच्या गोळ्या, उपदेशाचा कागद, सगळं क्रांतीबाईंनी सांभाळलेलं. भरलेली गाडी त्यांना रिकामी वाटायला लागली. मनातल्या मनात ते एवढंच म्हणाले, "देवा, तिला सांभाळ." (इतकी आखूड प्रार्थना शिबिरातल्या वक्त्यालाही जमली नसती.)

क्रांतीबाई दुकानात स्टुलावर बसल्या होत्या. हातात चहा, पुढ्यात लालभडक संकेश्वरी मिरच्या, आणि शिंकांवर शिंका. दुकानदार बाळाप्पा साहेबांना आपादमस्तक न्याहाळत म्हणाला, "पावणं, लोक हितं पिशवी इसरत्यात, छत्री इसरत्यात. बायकू इसरून गेल्यालं आजच बगिटलं."

"क्रांती, चुकलं माझं," साहेब म्हणाले.

"चुकलंच. आज आखूड हाय, हे आधी सांगायचं नाही का माणसानं?"

सगळे गाडीत बसले. हंबीररावांनी पुन्हा डोकी मोजली आणि केबिनपाशी येऊन घसा साफ केला. "साहेब, मंडळीचं एकमत झालंय. हितनं फुडं प्रार्थना पयल्यासारखीच लांब पायजे."

"व्हय व्हय," मागून मार्थाआक्का ओरडल्या. "त्येच्याबिगर आमचं चालतंय कुठं?"

साहेबांचा ऊर भरून आला. पुण्याचा वक्ता गेला उडत. माझी माणसं माझ्या शब्दांसाठी आसुसलेली आहेत, आणि मी करंटा त्यांना एका वाक्यात वाटेला लावत होतो! त्यांनी डोळे गच्च मिटले आणि सृष्टीच्या निर्मितीपासून सुरुवात केली. आवाज असा लागला, की कलेक्टरांपर्यंत येता येता ते स्वतःच रंगून गेले. मागे तीच गाढ शांतता.

पण फोनवरचं ते बोलणं मनातून जाईना. पाळकपणाच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांनी प्रार्थना चालू असताना एक डोळा किलकिला केला आणि मागे पाहिलं.

गाडी रिकामी होती.

हंबीरराव रस्त्यापलीकडे दुसरा चहा घेत होते. मार्थाआक्का आणि झाडून सगळ्या बायका बाळाप्पाच्या दुकानात मिरच्या निवडत होत्या. डोळे मिटलेला माणूस एकच होता, केरबा, आणि तो घोरत होता. साहेबांचा आवाज बंद पडला तसा तोही चुळबुळला आणि त्याचा हात किल्लीकडे गेला.

तेवढ्यात खिडकीवर थापा पडल्या. बाहेर क्रांतीबाई, धापा टाकत.

"अहो, थांबलात का? फाउंड्रीवाले राहिलेत, दहावीची पोरं राहिलीत! चालू ठेवा की, बाळाप्पा अजून मिरच्या तोलतोय!"

पाळकसाहेबांनी मुकाट्याने डोळे मिटले आणि फाउंड्रीवाल्यांसाठी प्रार्थना सुरू केली.