दोघांत एक लायसन्स

मासे धरायचं लायसन्स एकच घ्यायचं, हा निर्णय माझा. दुकानातल्या माणसाने दोनदा विचारलं, मॅडमना नको का? पण शुभा नागपूरची, तिच्या माहेरी अंडंसुद्धा गच्चीवर चूल मांडून उकडतात. ती कशाला गळ टाकतेय? मी मात्र अलिबागचा. मासेमारी आमच्या रक्तातच आहे, असं कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या ऑफिसात मी चार वर्षं सांगत आलोय. (माशाशी माझा संबंध तो तळून ताटात आल्यावर सुरू होतो, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.)

तर सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही सिएराच्या डोंगरात गाडी लावली आणि सहा मैल चढून एका तळ्याकाठी तंबू ठोकला. तंबू ठोकला म्हणजे शुभाने ठोकला, मी दोऱ्या धरल्या. जेवण ठेवायला अस्वलाला उघडता येणार नाही असा खास डबा भाड्याने आणला होता. तो मलाही उघडेना. शेवटी शुभाने नाणं लावून उघडला.

शनिवारी सकाळी मी रॉड घेऊन उभा राहिलो. पाणी इतकं नितळ की तळाशी फिरणारे ट्राउट मासे एकेक मोजता येत होते. (त्यांनाही मी दिसत असणार.) दुकानातून आणलेल्या नारिंगी गोळ्या गळाला लावून मी झोकात दोरी फेकली, ती मागच्या पाइनच्या झाडात अडकली. दहा वाजेपर्यंत मी पाइन तीनदा पकडला आणि स्वतःची टोपी एकदा. शुभा खडकावर बसून पुस्तक वाचत होती. ती काही बोलली नाही, म्हणजे बोलण्यासारखं बरंच होतं.

साडेदहाला निसर्गाची हाक आली. डोंगरात त्याचेही नियम असतात. छोटं फावडं घेऊन पाण्यापासून लांब जायचं, खड्डा खणायचा, नंतर बुजवायचा. जाताना मी रॉड शुभाच्या हातात दिला आणि नुसता धरून बस, काही करू नकोस, असं बजावलं.

जमीन कडक होती, मला वेळ लागला. परत येऊन बघतो तर शुभा बूटमोज्यांसकट गुडघाभर पाण्यात उभी, आणि तिच्या हातातल्या जाळीत चांगला हातभर लांबीचा ट्राउट. त्या नारिंगी गोळ्यांचा वास सहन होईना म्हणून तिने आपलं थालिपिठाचा तुकडा लावून पाहिला, एवढंच. ती हसत होती, आणि असं हसताना मी तिला कितीतरी दिवसांनी पाहत होतो. त्याच वेळी तळ्याच्या पलीकडून हिरव्या युनिफॉर्ममधला, लायसन्स तपासणारा वॉर्डन आमच्याकडे येताना दिसला.

आमचा ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा नुकताच आत गेला होता. ऑफिसातल्या रवींद्रने मला बजावून ठेवलं होतं की कार्ड हातात पडेपर्यंत साधं पार्किंगचं तिकीटसुद्धा घेऊ नकोस, यार. आणि इथे माझी बायको विनालायसन्स मासा धरून उभी. मी पाण्यात उतरलो आणि चेहऱ्यावर हसू ठेवून मराठीत म्हणालो,

"जाळी माझ्याकडे दे. मासा मी धरला असं सांगायचं."

"पण मी धरलाय."

"लायसन्स माझं आहे. ग्रीन कार्डचा विचार कर, शुभा."

तिने जाळी दिली. हसणं मात्र तिथेच थांबलं.

वॉर्डनने मासा पाहून कौतुक केलं आणि कोणी धरला ते विचारलं. मी म्हटलं, मी. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण मी वाऱ्याच्या दिशेचा अभ्यास सांगितला, वीस मिनिटं चाललेली झुंज सांगितली. त्याने गळाला काय लावलं ते विचारलं. मी नारिंगी गोळीचं नाव घेतलं. त्याने वाकून माशाच्या ओठाकडे पाहिलं. तिथे कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं. मग त्याने पट्टीने मासा मोजला, अठरा इंच भरला. या तळ्यात यंदा एवढा मोठा कुणाला मिळालेला नाही, असं सांगून त्याने वही काढली. अशा माशांची तो धरणाऱ्याच्या नावानिशी नोंद ठेवायचा.

"नाव?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं आणि माझं शुभाकडे लक्ष गेलं. ती काठावर बसून मोजे पिळत होती, आमच्याकडे मुद्दाम पाहत नव्हती. नागपूरला ती इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायची. मुलं तिला घाबरायची. इथे माझ्या व्हिसाला जोडून आलेली, तिला नोकरी करायची परवानगी नाही. अपार्टमेंट माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर, फोनसुद्धा माझ्याच नावावर. चार वर्षांत या देशात कुणी कौतुकाने तिचं नाव लिहून घेतलं नव्हतं, आणि आज कुणी घेणार होतं तर मी मध्ये उभा. मला माझीच लाज वाटली.

"हिने धरलाय," मी म्हणालो. "तिच्याकडे लायसन्स नाही. एकच घ्यायचं मी ठरवलं, चूक माझी. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

वॉर्डनने मान हलवली. त्याला ते माहीत होतं. सकाळी आठपासून तो पलीकडच्या कड्यावर दुर्बीण घेऊन बसला होता. मॅडमनी मासा फार सुरेख ओढला, असं त्याने सांगितलं. मी त्या वेळी फावडं घेऊन झाडीत शिरलो होतो. म्हणून त्याने दुर्बीण माझ्यावरून काढून शुभाकडे वळवली होती. शिवाय वर्षातून दोन दिवस कॅलिफोर्नियात कुणालाही लायसन्सशिवाय मासे धरता येतात आणि आजचा त्यांतला एक, हेही त्यानेच सांगितलं. लायसन्सबरोबर मिळालेल्या कागदावर ते छापलेलं होतं. (त्या कागदाने मी आदल्या संध्याकाळी स्टोव्ह पेटवला होता.)

म्हणजे मी घेतलेलं लायसन्सही आज कामाचं नव्हतं. शुभाने मासा परत पाण्यात सोडला, मग वॉर्डनला आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. थालीपीठ कसं करतात तेही सांगितलं. त्याने भाजणीतली पाचही धान्यं लिहून घेतली. दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं, मी बाजूला ओल्या बुटांत उभा होतो. शेवटी त्याने पेन माझ्याकडे रोखलं आणि हे कोण, असं तिला विचारलं.

"ही इज विथ मी," शुभा म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि वही मिटली. माझं नाव विचारलंच नाही.