थ्रॉटलची उलटतपासणी

आमच्या कॉलनीत कुणाची गाडी पिकअप घेईनाशी झाली की ती आधी गॅरेजमध्ये जात नाही, वकीलकाकांच्या फाटकासमोर येऊन उभी राहते. काका बाहेर येतात, बनियनवर शर्ट चढवतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि जबानी घ्यायला लागतात. आता गंमत ऐका. या माणसाला गाडी चालवता येत नाही. अहो, गाडी सोडा, सायकलवरूनसुद्धा ते उतरायचे ते पडूनच.

पण अमरावतीच्या कोर्टात आयुष्य गेलेलं. समोर कुणीतरी उभं दिसलं की त्यांच्या तोंडून प्रश्न सुटतातच. "चढावर मंदावते का सपाटीवर? हो का नाही, एवढंच सांगा."

"काका, याचं उत्तर हो किंवा नाही कसं देऊ?"

"साक्षीदार टाळाटाळ करून राहिली!" हे ते रस्त्यावरच्या भाजीवालीकडे बघून म्हणणार. ती बिचारी घाबरून पालकाची जुडी मागे घेते.

थ्रॉटल हा त्यांचा लाडका आरोपी. क्लच, ब्रेक, बॅटरी यांच्यावर त्यांचा कधीच संशय नाही. "थ्रॉटल म्हंजे इंजिनाचा गळा," असं ते स्वतःचा गळा धरून समजावतात. "तुमी पाय दाबला का गळा उघडते, हवा आत जाते, गाडी पळते. गळ्यात कचरा अटकला का बोंबला!" एवढं मात्र खरं आहे, मी नंतर मेकॅनिकला विचारून घेतलं. भानगड अशी की काकांच्या मते जगातल्या प्रत्येक गाडीचा गळाच धरलेला असतो. समोरच्या जोशी सरांची गाडी चौकात बंद पडली तेव्हा काकांनी अर्धा तास तपासणी करून थ्रॉटल दोषी ठरवला. नंतर कळलं की टाकीत पेट्रोलच नव्हतं. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. काका म्हणाले, "पेट्रोल संपनं हे कारन नोय, निमित्त होय."

काकांचं आणखी एक प्रकरण कॉलनीला पाठ आहे. लेकीच्या सासरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. हल्ली कोण पाळतं हो हे? पण काकांनी लेकीच्या लग्नात भर मांडवात हे जाहीर करून ठेवलेलं, आणि जाहीर केलेला शब्द काका मागे घेत नाहीत. पुढे अकोल्याला लेकीला मुलगा झाला. लेक आणि जावई दोघंही नोकरीवाले, म्हणून काकू मदतीला गेल्या. जराशी जाऊन येते म्हणाल्या होत्या. नातू आता दुडुदुडु धावतो, काकू अजून तिकडेच. काका इकडे एकटे कुकर लावतात आणि शिट्या मोजायला विसरतात. जळका वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

"काका, जाऊन या की एकदा," मी म्हणायची. "बस आहे, रेल्वे आहे."

"बसनं गेलो म्हंजे मुद्दाम गेलो. लेकीच्या दारात पाहुना म्हणून मी उभा राहत नसतो."

बरं बाबा. राहा उभे आपल्याच दारात.

तर मागच्या हिवाळ्यात माझ्या गाडीनं मान टाकली. मी वलगावच्या शाळेत गणित शिकवते, रोज गाडीनं जाते. रस्त्यात ट्रकला ओव्हरटेक करायला जावं आणि गाडीनं अर्ध्यातच दम सोडावा. पाय पूर्ण दाबलाय, गाडी ढिम्म! मागचा हॉर्न वाजवून माझ्या माहेरचा उद्धार करतोय. मेकॅनिककडे नेली. त्यानं थ्रॉटल साफ केला, फिल्टर बदलला, मशीन लावून बघितलं, स्वतः चक्कर मारून आला. म्हणाला, ताई, गाडी ठणठणीत आहे. घरी आणली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. माझा पारा असा चढला की नवरा दोन खोल्या सोडून बसला.

शेवटी काका. त्यांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले. "हे गावात नाही समजत, वैशाली. याले मोकळा रोड पायजे. रविवारी काढ."

रविवारी निघालो. म्हटलं, बडनेऱ्यापर्यंत जाऊन परत येऊ. बडनेरा आलं. "अजून गरम नाही झाली. चाल जरा पुढं." मूर्तिजापूर आलं. "आता कुठं बोलून राहिली ते. चाल." काकांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, भांग नीट पाडलेला होता, हे माझ्या लक्षात आलं ते बोरगाव मंजू गेल्यावर. गणिताची मास्तरीण ना मी! धडाधड हिशेब जुळला.

"काका, आपण अकोल्याला चाललोय."

"आपन नाही. गाडी चालली."

लेकीच्या फाटकासमोर गाडी थांबवली. काका उतरले नाहीत, मागच्या सीटवर ताठ बसून राहिले. काकू मात्र फाटकातच उभ्या होत्या, कडेवर नातू आणि हातात थर्मास घेऊन. मला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "मागच्या बारीले जोशी सर होते," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याची गाडी चांगली चालून राहिली होती." पाहा, जोशी सरांनी कॉलनीत एक अक्षर काढलं नव्हतं!

नातू काकांच्या मांडीवर गेला. थर्मासच्या झाकणात चहा ओतला गेला. मी म्हटलं, "काका, हा चहा लेकीच्या घरचा नाही का?"

"गाडीत चहा पेला म्हंजे घरात पेला होत नाही. गाडी तुयी हाय." आणि फुर्रकन घोट घेतला.

मग टेस्ट. काकू माझ्या शेजारी बसल्या, आम्ही मोकळ्या रस्त्याला लागलो. मागून हुकूम, "दाब! अजून दाब!" मी दाबतेय, गाडी रडतेय. काकू ना रस्त्याकडे बघत होत्या ना इंजिनाकडे. त्या माझ्या पायाकडे बघत होत्या.

"वैशाली, थांबव वं. तुया पायाखाली काय हाय?"

गाडी थांबवली. काकूंनी वाकून ओढून काढलं, तर पायपुसणं! जाडजूड, सुताचं. शाळेतून येताना चिखल होतो म्हणून मीच बाजारातून आणून घातलेलं. ते सरकून सरकून ॲक्सिलरेटरच्या खाली जाऊन बसलेलं. पेडल खाली जायला जागाच नव्हती! मेकॅनिकनं आधी पायपुसणं बाहेर काढून गाडी तपासली असणार आणि देताना प्रामाणिकपणे परत घालून दिलं असणार. मी कपाळावर हात मारला. पुन्हा पाय दाबला, तर गाडी अशी सुसाट सुटली की नातू टाळ्या पिटायला लागला.

आम्ही दोघी खो खो हसत होतो. हसता हसता मी आरशात पाहिलं. काकांचा चेहरा एवढासा झाला होता.

"म्हंजे गाडी दुरुस्त झाली," ते म्हणाले.

कॉलनीत आजारी गाडी ही एकच उरली होती.

काकूंनीही आरशात पाहिलं. त्यांचं हसू थांबलं. पायपुसणं मांडीवर घडी घालत त्या म्हणाल्या, "फकस्त पायपुसन्यानं एवढं नसते होत. मले त आवाजबी येऊन राहिला. घर्रर्र असा. आला ना वैशाली?"

आवाज कसला, सुईसुद्धा पडली नव्हती.

"हो काकू," मी म्हणाले. "येतोय खरा."

"पुढच्या रविवारी दाखवून जाजो."

काकूंना आणि नातवाला फाटकाशी सोडून परत येताना मूर्तिजापूरपर्यंत काका थ्रॉटलबद्दल काहीही बोलले नाहीत. मग बाहेर बघत म्हणाले, "थे बारीक झाली काय वं?"

"नाही काका. काकू चांगल्या आहेत."

"घरात भांडायले कोनी नाही ना आता. लय कठीन जाते बापा."

मला समोरचा रस्ता नीट दिसेना. मी गाडीचा वेग कमी केला आणि म्हटलं, "काका, रविवारी जरा लवकर निघू. तो आवाज कुठून येतो ते पाहायला हवं."

काकांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"मलेही आला होता तो आवाज," ते म्हणाले.