बैलगाडीमागचे आबा

आबा दिघे सायकलवरून कधीच कुणाच्या पुढे जात नसत. कुणाच्या म्हणजे कुणाच्याच नाही. मोटारीचं सोडा, ती त्यांच्या रविवारच्या रस्त्याला फिरकत नसे. पण पुढे बैलगाडी दिसली की आबा ब्रेक दाबत आणि तिच्या चाकांची धूळ खात थेट गाव येईपर्यंत मागोमाग जात. चाल इतकी मंद की सायकलचा तोल राहत नसे. मग ते खाली उतरत आणि हँडल धरून चालू लागत. गाडीवान बिचारा संकोचून बैल कडेला घ्यायचा आणि हात हलवून म्हणायचा, "बाबूजी, आगे निकली जाव नी!"

आबा टोपी सावरून उत्तर देत, "चलने दो, भिया. रस्ता कुठं भागून चाललाय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रेशनच्या रांगेत रेटारेटी झाली, शेजारच्या मुलीचं लग्न लांबलं, ऑफिसात बढतीचा कागद अडकला, सगळ्याला आबांकडे हे एकच औषध होतं. संस्थान गेलं आणि मध्य भारत आला तेव्हाही ते म्हणे एवढंच बोलले. दरबारच्या बांधकाम खात्यात ते कारकून होते; नव्या राज्यात त्याच टेबलामागे, त्याच खुर्चीवर बसू लागले. बदलला फक्त भिंतीवरचा फोटो.

इंदूरच्या परदेशीपुऱ्याच्या कडेला त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून होतं. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो आणि सायकल जोरात हाणण्याचं मला वेड होतं. त्यामुळे शेजारी असा माणूस राहतो याचा मला जवळजवळ अपमान वाटे.

दर रविवारी सकाळी काळा कोट, काळी टोपी, पाटलोणीला क्लिपा आणि खिशात शेवेची पुडी अशा थाटात आबा निघत. सायकलला घंटी नव्हती. होती ती त्यांनी काढून टाकलेली. "घंटी वाजवायची म्हणजे समोरच्याला हट म्हणायचं. आपण कोण लागून गेलो?" त्याऐवजी ते खोकत. चढ आला की उतरत, हे समजण्यासारखं होतं. पण उतार आला तरी उतरत. उतारावर सायकल आपलं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक म्हैस त्यांना मागे टाकून गेली, ही गोष्ट आमच्या गल्लीत फार दिवस पुरली.

मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो. गिरण्यांची धुराडी मागे पडली की तो रस्ता शेतांत शिरायचा. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये चाकोऱ्या. आबा विहिरीवर थांबले आणि पाणी शेंदणाऱ्या बाईला विचारू लागले, पाणी किती खाली गेलं, गाय व्याली का, सून माहेरून आली का. मग एका चिंचेखाली उभे राहून त्यांनी पाला चुरडून हुंगला. मी सायकलवर एक पाय टेकवून नुसता चरफडत होतो. शेवटी काहीतरी सबब सांगून मी पळालो आणि पुन्हा त्यांच्या वाटेला गेलो नाही.

त्यांच्या पत्नी माई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. संधिवातानं पाय पार आखडले होते; खाटेवरून खिडकीपर्यंतही त्यांना जाता येत नसे. रविवारी दुपारी जेवणं झाली की भिंतीपलीकडून आबांचा एका लयीतला आवाज बराच वेळ ऐकू येई. गल्लीत सगळे समजत की ते माईंना पोथी वाचून दाखवतात. माझीही तीच समजूत होती.

नव्या राज्याला राजधान्या दोन, थंडीत ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. कपाटं, फायली, बाबू सगळं गाडीत भरून इकडून तिकडे. पहिली काही वर्षं आबांचं खातं या हलवाहलवीतून वाचलं. मग एका दिवाळीनंतर हुकूम आला. माईंच्या सोबतीला एक विधवा नणंद येऊन राहिली, तेव्हा तीही अडचण उरली नाही. तरी आबांचा चेहरा उतरलेलाच होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या दारात आले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"मास्तर, एक काम होतं. जमलं तर बघा. रविवारी पिपल्यापर्यंत सायकलनं जायचं, आणि आल्यावर माईला रस्ता सांगायचा."

"रस्ता सांगायचा म्हणजे?"

"काय काय दिसलं ते. पिपल्या तिचं माहेर. तिच्या आजोबांना दरबारातून तिथं जमीन मिळालेली. लग्नानंतर ती येजा करायची ती गाडीतून, मागे पाय सोडून बसायची. तो रस्ता तिला बैलांच्या चालीनंच ठाऊक आहे. मी एक-दोनदा सायकलच्या चालीनं सांगून बघितला, तर म्हणाली, हा माझा रस्ताच नाही. म्हणून मी गाडीच्या मागून जातो."

भिंतीपलीकडची पोथी कुठली ते मला आत्ता कळलं. आबा अजून घुटमळत होते.

"और एक बात. गावाच्या तोंडाशी तिचा आंबा होता. लहानपणी तिनंच कोय लावलेली. तो वाळला, मेव्हण्यानं तोडला. आता नुसता बुंधा आहे. तिला हे मी बोललो नाही. तुम्हीसुद्धा आंबा ठीक आहे, एवढंच म्हणा."

"पण उन्हाळ्यात माईंच्या माहेरच्या झाडाचे म्हणून आंबे तुम्ही गल्लीत वाटता की!"

"ते मंडीतून आणतो," आबा म्हणाले आणि पटकन वळून गेले.

पहिल्या रविवारी मी माझ्या सवयीनं गेलो. झपाट्यानं पिपल्या गाठलं, झपाट्यानं परतलो आणि माईंच्या खाटेशी स्टुलावर बसून सांगून मोकळा झालो. बाभळी, विहीर, चिंच. माई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी डोळे उघडले.

"मास्तरजी, विहिरीनंतर एकदम चिंच कशी आली? मधला ओढा कुठं गेला?"

मला ओढा आठवेना.

"गाडीच्या पुढे निघून गेलात ना?" त्या हसल्या. "जाऊ द्या हो. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा."

त्या हसण्यात रागाचा अंश नव्हता, म्हणूनच मला फार वाईट वाटलं. बाईचा आठवड्याचा एकुलता एक रस्ता माझ्या हातात होता आणि मी तो अर्धा सांडून आलो होतो.

पुढच्या रविवारी मी कडब्याची एक गाडी गाठली आणि तिच्या मागे राहिलो. आधी जीव कासावीस झाला. गाडीवान म्हणाला, "आगे निकली जाव नी!" मी मान हलवली. हळूहळू एकेक गोष्ट दिसू लागली. ओढ्याच्या पाण्यात बैल थबकले, प्याले, मगच हलले. हरभऱ्याला घाटे धरत होते. कुठंतरी गुऱ्हाळ लागलं होतं, त्याचा वास वळणापर्यंत पोचत होता. ओढ्याच्या आधी विहिरीवरच्या बाईनं ओळखीचे बाबूजी का आले नाहीत म्हणून विचारलं होतं आणि सून आल्याचं कळवायला सांगितलं होतं. शेवटी गावाच्या तोंडाशी तो बुंधा आला. त्यावर कुणीतरी शेणी वाळत घातल्या होत्या.

त्या दुपारी मी गाडीच्या चालीनं सांगितलं. ओढ्यापाशी माई म्हणाल्या, "बैल प्यायले?" प्यायले म्हटलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. सून आल्याचं ऐकून तर त्यांना फारच बरं वाटलं. असं करत करत मी गावाशी पोचलो.

"आणि आंबा..." मी म्हणू लागलो.

"थांबा," माई म्हणाल्या. "आंबा राहू द्या. तो हेच सांगतील, आल्यावर."

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"दादा आला होता मला विचारायला. वाळलाय, तोडू का म्हणून. हे ऑफिसात होते. मीच हो म्हटलं. यांना सांगणार होते हो, पण धीर होईना. तेवढ्यात रविवार आला. हे परत आले, इथं बसले आणि म्हणाले, आंब्याला मोहोर आलाय." त्या हसता हसता पदरानं डोळे टिपू लागल्या. "मग उन्हाळ्यात साखरेसारखे आंबे घेऊन आले. आमचा आंबा इतका खट्टा, की गायसुद्धा तोंड वाकडं करायची!"

"मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू? तो मोहोर सांगताना यांचा चेहरा पाहिलाय तुम्ही? आंबा गेला तो गेला. यांचा तो चेहरा मला हवाय."

त्यानंतर थंडीभर मी पिपल्याला जात राहिलो. आंब्याशी आलो की गप्प बसायचो. माईही गप्प बसायच्या.

चैत्रात कपाटं आणि फायली परत आल्या, आबाही आले. वाळले होते. पहिल्याच रविवारी कोट-टोपी घालून निघाले आणि दुपारी मला हाक मारून बोलावून घेतलं. मी दाराशी बसलो. आबा खाटेजवळ बसून सांगू लागले. बाभळी, विहीर, आटलेला ओढा, चिंच. मग त्यांचा आवाज थोडा वर चढला.

"आणि आंबा म्हणशील तर विचारू नकोस! कैऱ्यांनी वाकलाय."

माईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मग यंदा कैऱ्याच आणा," त्या म्हणाल्या. "लोणचं घालून घेईन वन्संकडून. पण आंबट बघून आणा हं. आपल्या झाडाची फळं हल्ली फार गोड लागतात."

आबा क्षणभर गांगरले. "हवेचा फरक आहे," ते म्हणाले. "हवा बदललीय ना सगळी."

पुढच्या रविवारी मी मंडीवरून येत होतो. आबांची सायकल एका दुकानाला टेकलेली दिसली. आबा कैऱ्यांच्या ढिगापुढे उकिडवे बसले होते. एकेक कैरी दाताखाली धरत होते, डोळे मिटत होते आणि मान हलवून बाजूला ठेवत होते. दुकानदार वैतागला होता. "बाबूजी, लेना है या नाश्ता कर रहे हो?"

"और खट्टी दिखाओ," आबा म्हणाले. आंबटानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी सायकलवरून उतरलो. त्यांची कैऱ्यांची पिशवी भरून होईपर्यंत मी मागेच उभा राहिलो. त्यांच्या पुढून जावंसं वाटलं नाही.