सगळंच पंच्याण्णव

सगुणाबाईंच्या कापसाच्या गादीची घनता पंच्याण्णव पूर्णांक एक टक्के भरली, तेव्हा कुठे ज्ञानदाला पहिली शंका आली. तोवर सगळं झकास चाललं होतं.

ज्ञानदा मूळची हिंगोलीची, बावधनच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला. दोन वर्षं खपून तिने एक यंत्र तयार केलं होतं. दिसायला चपटं खोकं, वर मूठ, मुठीजवळ आकडा दाखवणारी पट्टी. काम एवढंच, की नवा डांबरी रस्ता नीट दाबला गेलाय की आत पोकळ राहिलाय, ते रस्त्याला भोक न पाडता सांगायचं. एरवीची रीत म्हणजे रस्त्यातून गोल तुकडा कापून काढायचा. त्याला कोर म्हणतात. तो हवेत तोलायचा, पाण्यात तोलायचा आणि घनता ब्याण्णव टक्क्यांच्या वर भरली की रस्ता पास. मागे जे भोक राहतं ते बुजवतात; म्हणजे पुढच्या खड्ड्याचं बारसं उरकून घेतात.

ज्ञानदाचं खोकं रस्त्यात विजेची लहर सोडून आकडा काढायचं. पण ओल, ऊन, खडीची जात, कशानेही त्याचं डोकं फिरायचं. म्हणून तिने त्याला मशीन लर्निंगची शिकवणी लावली होती. मुठा गावाच्या नव्या रस्त्यावरचे दोनशे बारा कोर आणि त्यांचे खरे आकडे त्याला दाखवून झाले होते.

आज परीक्षा होती. बांधकाम खात्याच्या कार्यकारी अभियंता कल्पना मॅडम स्वतः आल्या होत्या. त्या हो म्हणाल्या, तर तालुक्यातले नवे रस्ते हे खोकं तपासणार. नाही म्हणाल्या, तर काय, ते ज्ञानदाच्या बॉसने, पियूषने, गाडीतच सांगून ठेवलं होतं. "मग प्रोजेक्ट क्लोज. तू सोमवारपासून ते बिर्याणीवाल्यांचं ॲप बघ."

सकाळभर खोकं जिथे ठेवाल तिथे पंच्याण्णव म्हणत होतं. पियूष हसत होता. ठेकेदाराचा साईट इंजिनिअर शेखर तर खोक्याकडे जावयाकडे बघावं तसं बघत होता. मग सगळे चहाला भिवाजींच्या अंगणात टेकले. भिवाजी म्हणजे कोर कापणारे. त्यांचं घर रस्त्याला लागूनच. सगुणाबाईंनी बाजेवर गादी उन्हात टाकली होती. खोक्याला धक्का लागू नये म्हणून ज्ञानदाने ते गादीवर ठेवलं आणि बंद करायचं राहिलं.

"पंच्याण्णव पूर्णांक एक," कल्पना मॅडमनी वाचलं. "पास."

"मॅडम, ते... गादीची सवय नाहीये त्याला," पियूष म्हणाला.

"दिवाळीला तर भरलीया गादी," सगुणाबाई म्हणाल्या. "लई मऊ हाय. बसून बघा."

मॅडमनी बशी खाली ठेवली. "पेंढ्यावर ठेवा बरं."

पेंढा चौऱ्याण्णव पूर्णांक नऊ. शेणाने सारवलेलं अंगण पंच्याण्णव. पियूषची लॅपटॉपची बॅग पंच्याण्णव पूर्णांक दोन. एव्हाना आजूबाजूची माणसं जमली होती आणि जो तो घरातून काहीतरी घेऊन येत होता. कुणी भाताचं पोतं, कुणी उशी, एका आजोबांनी तर स्वतःचं पोटच पुढे केलं. सगळे पास.

"यंत्र फारच समाधानी आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "कशाचंच वाईट वाटत नाही त्याला. आमच्या खात्यात लगेच नोकरी लागेल."

पियूष मॉइश्चर, टेंपरेचर, सेन्सर ड्रिफ्ट असं काहीबाही पुटपुटायला लागला. ज्ञानदा मात्र बाजेच्या कडेला बसून लॅपटॉपमधली दोनशे बारा कोरची यादी चाळत होती. वरपासून खालपर्यंत चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. एकही कमी नाही. बिचाऱ्या खोक्याने जन्मात नापास रस्ता बघितलाच नव्हता! त्याच्या लेखी जग म्हणजे पंच्याण्णव.

"काका," तिने विचारलं, "कोर कुठे कापायचे त्याचा कागद दिला होता ना मी?"

"दिलता की. घडी घालून खिशातच हाय."

"मग त्याच जागी कापले ना?"

"त्याच म्हंजी... तुमच्या जागंवर माल कच्चा असला तर दोन पावलं सरकून कापला."

"का पण?"

भिवाजींनी तिच्याकडे कीव येऊन बघितलं. "का म्हंजी? कोर पास व्हायाला नको व्हय? सव्वीस वर्सं झाली ताई, ठेकेदार कोन बी असू दे, भिवाजीचा एक बी कोर आजतागायत नापास न्हाई. कुनाला बी इचारा."

शेखरने एकदम आकाशाकडे बघायला सुरुवात केली.

"आणि माल कच्चा आहे, ते न कापता कळतं तुम्हाला?" कल्पना मॅडमनी विचारलं.

"टाचंला कळतं," भिवाजी म्हणाले. चप्पल काढून ते रस्त्यावर गेले, दोन ठिकाणी टाच आपटली. "हितं बरा हाय. हितं पोकळ हाय. आवाजच येगळा येतो."

ज्ञानदा उठून उभी राहिली. दोन वर्षं जे यंत्र बनवायला ती मरत होती, ते अनवाणी पायांनी तिच्यासमोर उभं होतं आणि इतके दिवस उलट्या दिशेने चालवलं गेलं होतं.

"मॅडम, आठ दिवस द्या. मला नापास कोर हवेत. भरपूर."

"नापास?" भिवाजींचा चेहराच उतरला. "मुद्दाम? माज्या हातनं?"

"अवो, पोरीला नापासच पायजे तर द्या की काढून," सगुणाबाई म्हणाल्या. "घरात रोज माज्या चुका काडताय, तवा न्हाई हात थरथरत."

शेखर मात्र कळवळला. "अहो मॅडम, यंत्राला शिकवायला आमचाच रस्ता सापडला का?"

"शिक्षणाला नाही म्हणू नये," कल्पना मॅडम म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. "आठ दिवस."

दुसऱ्या दिवशी भिवाजींनी आयुष्यातला पहिला नापास कोर कापला. घनता अठ्ठ्याऐंशी. ज्ञानदाने आनंदाने टाळी वाजवली; भिवाजींनी तुकडा हातात घेऊन कुणी ओळखीचं बघत नाही ना, हे आधी पाहिलं. पण चौथा-पाचवा कोर होईतो त्यांना गोडी लागली. "ह्यो बगा, ह्यो तर पंच्याऐंशी भरंल," असं म्हणून ते चुन्याने फुली मारायचे आणि खरंच पंच्याऐंशी भरायचा. चार दिवसांत साठ नापास कोर जमले. खोकं शहाणं व्हायला लागलं. रस्त्यासारखं काही नसेल तर आकडा द्यायचा नाही, हेही ज्ञानदाने त्याला शिकवलं; गादीवर ठेवल्यावर आता ते 'माहीत नाही' म्हणत होतं. ज्ञानदाला वाटलं, अनोळखी गोष्टीला 'माहीत नाही' म्हणणं माणसांना सुद्धा जमत नाही.

गावातही हवा पसरली. शनिवार-रविवार येणारे एक बंगलेवाले गाडी थांबवून म्हणाले, "एक्स्क्यूज मी, आमच्या गेटसमोर पण नापास आहे. प्लीज लिहून घ्या ना."

पाचव्या दिवशी शेखरची ट्यूब पेटली. रस्त्याच्या नापास ठरलेल्या भागांचं आता काही करता येणार नव्हतं, ते उकरून पुन्हा बनवायचे होते. पण पुढे रोज नवं डांबर पडत होतं, आणि डांबर गरम आहे तोवर रोलर फिरवला की पोकळी जाते. त्याने रोलर थेट भिवाजींच्या मागे लावला. भिवाजींनी जाड बूट घालून कडेकडेने टाच आपटली, की "पोकळ हाय" हे शब्द पुरे व्हायच्या आत रोलर हजर. दाबून सपाट.

"शेखर, माझ्या नापास जागा संपवताय तुम्ही!" ज्ञानदा ओरडली.

"तुम्हीच सांगा आता! रस्ता चांगला करू की वाईट?"

ज्ञानदा खोकं उचलून रोलरच्या पुढे पळाली.

आठव्या दिवशी कल्पना मॅडम आल्या. उकरून पुन्हा बनवलेले भाग आणि भिवाजींच्या टाचेखाली झालेला नवा रस्ता एकसारखा काळाभोर पसरला होता. ज्ञानदाने खोकं ठेवलं. पंच्याण्णव. वीस पावलं पुढे पंच्याण्णव पूर्णांक दोन. वळणावर पंच्याण्णव. उतारावर चौऱ्याण्णव पूर्णांक आठ.

मॅडमच्या भुवया वर वर जात होत्या. "हे मी मागच्या आठवड्यात ऐकलंय."

"मॅडम, पण या वेळी ते खरं आहे!"

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

"अहो मॅडम, खरंच चांगला झालाय हो," शेखर काकुळतीला आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा रस्ता खरोखर पास होता आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

पियूष ज्ञानदाच्या कानाशी लागला. "एक खराब जागा शोध. एनी खराब जागा. नाहीतर बिर्याणी."

मग पुढचा अर्धा तास मुठ्याच्या रस्त्यावर जे दृश्य दिसलं, ते या देशात आधी कुणी पाहिलं नसावं. कंपनीचा मालक, ठेकेदाराचा इंजिनिअर आणि निम्मं गाव मिळून, वाकून वाकून, एक खराब जागा सापडावी म्हणून रस्त्याला विनवत होते. सापडेना.

"काका, काहीतरी करा," ज्ञानदा रडकुंडीला आली.

भिवाजींनी चढाकडे बोट केलं. मग म्हणाले, "खराबच पायजे न्हवं? त्या वरच्या वाडीच्या फाट्याला चला. चार वर्सांमागचा रस्ता हाय. कडंला गाडीचं चाक जात न्हाई, तितं जसाच्या तसा असंल."

फाट्यावर खोक्याने जरासा वेळ घेतला. मग पट्टीवर लाल आकडा आला. शहाऐंशी पूर्णांक चार.

"कापा," मॅडम म्हणाल्या.

भिवाजींनी कापला, टेंपोतल्या काट्यावर हवेत तोलला, बादलीत बुडवून तोलला. ज्ञानदाने हिशेब केला आणि आकडा ओरडूनच सांगितला. शहाऐंशी पूर्णांक सहा.

पियूषने तिचा हात धरून जोरजोरात हलवला. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. खराब रस्ता सापडला म्हणून तिथे पेढेच वाटायचे राहिले.

कल्पना मॅडम मात्र मोबाईलवर जुन्या कामाची नोंद उघडून बघत होत्या. "पण हा तर तेव्हा पास झालाय. पंच्याण्णव."

"व्हय," भिवाजी हळूच म्हणाले. "माजाच कोर हाय. दोन पावलं पल्याड."

"आणि पास केला कुणी?" शेखर उत्साहाने मोबाईलमध्ये डोकावला. मग सरळ झाला आणि बूट बांधायला खाली बसला. त्याच्या पायात चपला होत्या.

नोंदीखालची सही मोठी होती, वळणदार होती आणि मोबाईल ज्यांच्या हातात होता त्यांचीच होती. ज्ञानदाला बिर्याणीचं ॲप डोळ्यांसमोर स्वच्छ दिसायला लागलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नव्या रस्त्यांवर उद्यापासून हे यंत्र वापरायचं. पत्र संध्याकाळी मिळेल. आणि या भिवाजींना टाच आपटायची असेल तिथे आपटू द्यायची. कुणी सरकवायचं नाही."

"थँक्यू, थँक्यू मॅडम!" पियूष म्हणाला.

"आणि जुने रस्ते?" ज्ञानदाच्या तोंडून निघून गेलं. पियूषने डोळे मिटले.

"जुने," मॅडम सावकाश म्हणाल्या, "एक एप्रिलपासून. एकतीस मार्चला मी निवृत्त होतेय."

ज्ञानदाचा चेहरा पडला. "बरोबर आहे, मॅडम. म्हणजे तुम्ही नसताना."

"नसताना कशाला? असेन की. आता सकाळी उठून दुसरं काम काय मला?" त्या खाली वाकल्या आणि भिवाजींच्या पिशवीतला चुन्याचा डबा उघडून आत किती उरलाय ते बघितलं. "चुना मात्र जास्त आणा. कुठे कुठे सही करताना हात अडखळला होता, ते मला अजून पाठ आहे."