रवीला बांधलेला माईक

निजामचाचा संगणकाला पंखा लावतात आणि स्वतः शेजारी घामाघूम होऊन बसतात. भिंगारच्या उन्हाळ्यात दुपारी कुणाच्याही घरी गेलात तरी टेबलफॅनचं तोंड माणसांकडे असतं. चाचांच्या घरी ते एका जुनाट, झाकण काढून उघड्या ठेवलेल्या डब्याकडे असतं. मी शेजारी राहायला आले तेव्हा न राहवून विचारलं होतं, "चाचा, पंखा थोडा इकडं वळवू का?" तर म्हणाले, "नको बाई. त्याचं काम चालू हाय. आपन काय, नुस्तं बसलोय."

काम म्हणजे फाईल दाबणं. टीव्हीवरचे कार्यक्रम संगणकात रेकॉर्ड करायचे आणि मग त्या भल्यामोठ्या फायली लहान करून ठेवायच्या, हा चाचांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. संगणकवाले याला काहीतरी भारदस्त नाव देतात. चाचा म्हणतात, "दाबतो." मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी 'बाई', आणि मला यातलं सगळं कळतं असा त्यांचा एक गैरसमज आहे. तो मी अजून दूर केलेला नाही.

चाचांची सगळी नोकरी लष्कराच्या गोदामात सामान लावण्यात गेली. गोदाम तिथेच राहिलं, पण ती नजर त्यांच्याबरोबर घरी आली. मी नवीन कपाट घेतलं तेव्हा हमालांनी ते जिन्यात अडकवून ठेवलं होतं, आणि सगळी गल्ली 'जरा तिरकं करा', 'पाय वर घ्या' असे सल्ले देत उभी होती. चाचा आले, कपाटाकडे एकदा पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "किती जागा खातंय?"

हा प्रश्न ते कपाटालाच लावतात असं नाही. कोपऱ्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात, ते एकदा बोलायला लागले की दूध नासेपर्यंत थांबत नाहीत. त्यांच्याबद्दल चाचांचं मत असं, "मानूस सोन्यासारखा हाय. पन जागा लई खातो." स्वतः चाचा बोलतातही दाबूनच. पुणतांब्याला पुतण्याचं लग्न होतं, दोन दिवस राहून आले. मी विचारलं, कसं झालं? "गेल्तो. जेवलो. आलो."

तेच लग्न मी रशीदाचाचींकडून ऐकलं. चाची म्हणजे त्यांची बायको. बिर्याणीत मीठ कुणी दोनदा टाकलं, नवरीची मावशी कशावरून रुसली, येताना गाडी कुठे पंक्चर झाली आणि तेव्हा कोण काय म्हणालं, हे सगळं चाचींनी मला दोन दुपारी पुरवून सांगितलं. हातात भाजी निवडायला असायची आणि तोंड एकदाही थांबायचं नाही. मला ते फार आवडायचं.

चाचांना आवडायचं नाही, कारण त्यात रेकॉर्डिंग बिघडायचं. टीव्हीचं चित्र वायरीतून संगणकात नीट जायचं, पण आवाज जाईना. संगणकातलं आवाजाचं भोक पहिल्यापासूनच मेलेलं. दुरुस्त करण्याऐवजी चाचांनी तोड काढली. दुसऱ्या भोकात लागणारा एक माईक आणला, तो चाचींच्या ताक घुसळायच्या रवीला नाड्याने बांधला आणि रवी तांदळाच्या डब्यात उभी खोचून डबा टीव्हीच्या पुढे ठेवला. तेव्हापासून चाचींना ताक करायचं असलं की कार्यक्रम संपायची वाट पाहावी लागे. मी कढीपत्ता मागायला दारात उभी राहिले तरी चाचा आतून तळहात उभा करत. मी ओठांवर बोट ठेवून उभी. सीरियलमधली बाई आतमध्ये रडतेय आणि आम्ही दोघी शेजारणी मुक्या.

एवढं करून चाचा ते कार्यक्रम बघत असतील असं कुणाला वाटेल. मीही एकदा विचारलं. "कधी बघू?" ते म्हणाले. "पुढची दाबायची असती."

चाची गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. मी तेव्हा माहेरी होते. परत आल्यावर धावत गेले, तर चाचा दारात उभे होते. "गेली," म्हणाले. "दवाखान्यात. सकाळी." मला त्या वेळी खरं सांगायचं तर रागच आला. एवढी बोलकी बाई, तिच्या जाण्याचीही या माणसाने दाबून तीन शब्दांची फाईल केली असं वाटलं.

त्यानंतर रेकॉर्डिंग चालूच राहिलं, पण दाबण्यात एक नवीन खूळ शिरलं. चित्र वाटेल तेवढं दाबायचं, आवाजाला मात्र हात लावायचा नाही. आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन केबलवर दाखवलं, ते चाचांनी रेकॉर्ड करून मला दाबून दिलं. त्यात लेझीम खेळणाऱ्या मुली म्हणजे रंगीत चौकोनांचा ढीग. हलगी मात्र अशी खणखणीत की कानात दडे बसावेत. एका आईने भलत्याच चौकोनाला आपली लेक समजून तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी म्हटलं, "चाचा, आवाज थोडा दाबा आणि चित्र बरं ठेवा की." चाचा एकदम तुटकपणे म्हणाले, "आवाजाचं नाव काढायचं न्हाई, बाई." पुढे मी नाव काढलं नाही.

यंदा त्यांच्या लेकीने, नसीमने, हट्टच धरला. ती अकोले तालुक्यात डोंगरातल्या एका गावात नर्स आहे. अब्बा एकटे राहतात, जेवणाचा ठिकाणा नाही, तर तिकडेच या. चाचा हो-ना करत तयार झाले, पण संगणकही नेणार म्हणाले. नसीमने फोनवरच सांगितलं, "अब्बा, दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. तो डबा किती जागा खातो माहितीय ना?" मी समोरच होते. त्यांचं तोंड पाहून मला हसू आवरेना.

त्यात संगणकाची डिस्क करकरायला लागली. चाचांचा रंगच उडाला. माझ्याकडे पेन ड्राईव्ह घेऊन आले. "बाई, थोड्या फायली दाबायच्या ऱ्हायल्यात. जुन्या. तुमच्या लॅपटॉपवर दाबून द्या. माझ्या फोनात बसल्या पायजेत. तिकडं रेंज न्हाई, सगळं फोनातच पायजे." पेन ड्राईव्हवर एकच फाईल होती, नमुन्यादाखल. सीताफळाच्या छाटणीचा कार्यक्रम. चाचांच्या दारात तुळशीएवढंही झाड नाही. पण म्हातारा माणूस हौसेने म्हणतोय, म्हणून मी बसले.

आणि मन लावून केलं. चित्र स्वच्छ ठेवूनही फाईल एवढीशी झाली. आवाजाच्या मागचा गोंगाट काढून टाकायची एक सोय दिसली, तीही लावली. छाटणी सांगणारे गृहस्थ आता अगदी समोर बसून बोलल्यासारखे वाटायला लागले. मी मोठ्या ऐटीत ती फाईल चाचांच्या फोनात घालून दिली.

चाचांनी चित्राकडे पाहिलंच नाही. फोन कानाला लावला आणि ऐकत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "बाई, आवाज गेला."

"गेला कुठे चाचा? उलट स्वच्छ झाला. मागचा सगळा कालवा काढून टाकला मी."

"तोच," ते म्हणाले. मग त्यांनी पंखा संगणकाकडे वळवला आणि मूळ फाईल लावली.

पडद्यावर कात्री घेऊन गृहस्थ उभे होते. वाळलेल्या फांद्या आधी काढाव्यात, असं सांगत होते. त्यांच्या मागे भांडी वाजली. कुकरची शिट्टी झाली. आणि मग रशीदाचाचींचा आवाज आला, अगदी माझ्या पाठीशी उभ्या असल्यासारखा. "अजी, सुनते क्या? बाजूवाली बाई को कढीपत्ता देने का है, याद दिलाव."

लगेच चाचांचा दबका, वैतागलेला आवाज. "चुप ना जरा. रेकॉर्डिंग चालू है."

थोडा वेळ नुसती छाटणी. मग चाची पुन्हा सुरू झाल्या, आवाज थोडा उतरवून. पुणतांब्याचं लग्न, मावशीचं रुसणं. पुन्हा "चुप ना." पुन्हा चाची. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"ह्या दाबायच्या ऱ्हायल्या म्हनून वाचल्या," चाचा म्हणाले. "आधीच्या सगळ्या मीच दाबल्या. आवाजासकट. म्हनलं, हा कालवा कशाला जागा खातोय. त्यात आता ती ऐकू येत न्हाई. लई कान देऊन बघितलं." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. "जेवताना एक लावतो. मला सीताफळाचं काय करायचंय."

मग मी माझा लॅपटॉपच त्यांच्या घरी नेला आणि करकरणाऱ्या डिस्कवरून एकेक फाईल उतरवून घेतली. चित्र दाबलं, आवाज होता तसा ठेवला. एकदा मी भीत भीत विचारलं, "चाचा, तुमचं ते 'चुप ना' तेवढं कापून टाकू का?"

"नको," ते म्हणाले. "चुप म्हनलं की ती जास्त बोलायची."

निघायच्या दिवशी दारात जीप उभी होती. नसीम सामान चढवत होती. वर बांधलेल्या पिशवीतून रवीचा दांडा बाहेर आला होता. मी चाचांच्या हातात फोन दिला. "सगळ्या बसल्या," मी म्हटलं. "पण चित्रापेक्षा आवाजच जास्त जागा खातोय. आता फोनात दुसरं काही मावणार नाही."

चाचांनी फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"खाऊ द्या, बाई," ते म्हणाले.