कॉलिनचा चार्ट

कुमुदताईंच्या फ्रीजरला दोन कप्पे होते. वरच्यात खोवलेलं खोबरं, खालच्यात उंदीर. दोन्हींच्या पिशव्यांवर लेबलं, लेबलांवर तारखा. चहासाठी कुणी दूध काढायला गेलं, तरी मागून आवाज यायचा, "कुठल्या कप्प्याला हात लावलात?"

नॉटिंगहॅमला आमची घरं भिंतीला भिंत लागून. ताई तीस वर्षं वॉर्ड सिस्टर होत्या. त्या रिटायर झाल्या. पण समोरचा प्रत्येक माणूस गोळी जिभेखाली लपवतोय, हा त्यांचा संशय काही रिटायर झाला नाही.

कॉलिन हा त्यांच्या मुलाचा, निखिलचा, पाळलेला लहानसा अजगर. निखिल नोकरीला लंडनकडे, क्रॉयडनला गेला. तिथल्या फ्लॅटमध्ये पेट्स चालत नव्हते. कॉलिन आईकडे राहिला आणि त्याच आठवड्यात त्याने अन्न सोडलं. ताईंनी काचेच्या पेटीला पेशंटच्या खाटेला लावतात तसा चार्ट टांगला. दर रविवारी उंदराचा बर्फ कोमट पाण्यात उतरवायचा, चिमट्यात धरून तो नाचवायचा, कॉलिनने तोंड फिरवायचं आणि ताईंनी लिहायचं: 'नकार'. मग संशयितांची चौकशी. कधी सेंट्रल हीटिंग, कधी दुकानदाराचा शिळा माल, कधी मी.

"पाटणकर, काल हिंगाची फोडणी केलीत ना? भिंतीतून वास जातो हो त्याला."

रविवारी संध्याकाळी सहा वाजता निखिलचा फोन, त्याच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत. "आई, कॉलिन खाल्ला का?"

"नाही रे, राजा." मग अर्धा तास गप्पा.

मे महिन्यात ताई भाचीच्या लग्नाला आठ दिवस इल्फर्डला गेल्या. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाल्या, "चार्टवर खरं लिहा. मला कळतं."

इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, आता लिहूनच टाकतो. मी जन्माचा शाकाहारी. रविवारी तो मऊ पडलेला उंदीर चिमट्यात उचलला, शेपूट लोंबली आणि माझा धीर सुटला. वर्तमानपत्रात गुंडाळून तो बिनमध्ये टाकला. हात धुतोय तोच फोन.

"काका, खाल्ली का त्याने?"

"खाल्ला," मी म्हणालो. वर आणखी, "एका घासात."

"ब्रिलियंट! म्हणजे आता काळजी नाही!"

मग चार्टवरही तेच लिहिणं भाग पडलं.

ताईंनी परतल्यावर चार्ट वाचला, चष्म्यावरून मला पाहिलं. "आधी डोकं गिळलं की शेपूट?"

"शेपूट."

"हं." बस, एवढंच.

त्या रविवारी सहाला फोन वाजला नाही. पुढच्याही नाही. ताई रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या. "लाइनमध्येच काहीतरी आहे." मी चहात बघत बसायचो.

चौथ्या रविवारी कबुली द्यायला गेलो. मागचं दार उघडं होतं. ताई पेटीपाशी उभ्या. चिमटा आत गेला न गेला तोच कॉलिनने झडप घातली, विळखा आवळला आणि उंदीर डोक्याकडून गिळायला लागला. अगदी सराईतासारखा. ताईंनी पेन काढलं आणि लिहिलं: 'नकार'.

"ताई! हा खातो कधीपासून?"

त्या दचकल्या. पेनचं टोपण दोनदा लावलं. "मार्चपासून. आधी खरंच खात नव्हता हो."

मग मीही सगळं ओकलो. बिन, वर्तमानपत्र, एका घासात, सगळं.

"ते शेपटीवरूनच कळलं होतं मला."

"मग निखिलला का नाही सांगितलंत?"

"मी केलेला फोन दोन मिनिटांत संपतो, पाटणकर. बिझी असतो तो."

मी रिसीव्हर उचलला. "नंबर सांगा."

त्यांना तो तोंडपाठ होता.

"निखिल, काका बोलतोय. अरे, कॉलिनने परत खाणं सोडलंय. हो ना, एकदम. आई? आहे ना, इथेच आहे. फार काळजीत आहे ती."

पेटीत कॉलिनच्या पोटाचा फुगवटा सावकाश मागे सरकत होता. मी रिसीव्हर पुढे केला, पण ताईंनी लगेच घेतला नाही. पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "आधी विचारा त्याला, तो जेवला का."